कायमचं परत येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं बाहेर काढून आम्ही चौघं मायदेशी परतलो, त्याला आता सहा वर्षं होतील. तेव्हापासून परतीचा विचार करणाऱ्या ओळखीच्या-अनोळखी माणसांचे फोन येत राहतात. प्रश्न फारसे बदलत नाहीत, म्हणून एकदा बसून लिहून काढले. खाली काही देशांचे नियम आले आहेत, ते नियम कसल्या प्रकारचे असतात हे कळावं म्हणून. तुमचे दोन देश कोणते, त्यानुसार तपशील बदलतील आणि निघण्याआधी ते नव्याने तपासावे लागतील.

परतायची योग्य वेळ कोणती?

"अजून दोन वर्षं" हे उत्तर परदेशातल्या जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. घराचं कर्ज फिटू दे, नागरिकत्व हातात येऊ दे, थोरलीची शाळा संपू दे. ही दोन वर्षं दर दोन वर्षांनी नवी होतात. माझ्या मते खरी घड्याळं दोनच: मुलांचं वय आणि आईवडिलांचं वय. पैशाचं घड्याळ नसतंच, कारण ठरवलेला आकडा जवळ आला की आपण तो पुढे सरकवतो. त्यामुळे रक्कम ठरवण्यापेक्षा तारीख ठरवा. आम्ही तारीख नक्की केली तेव्हा मनातल्या आकड्याच्या निम्मेही पैसे जमले नव्हते. पण तारीख ठरल्यावर मुलांच्या शाळेपासून गाडी विकण्यापर्यंत सगळी कामं आपोआप रांगेत उभी राहिली.

परतलो तर "तिकडे जमलं नाही म्हणून आला" असं म्हणतील का?

काही जण म्हणतील. पण परतणं ही अपवादाची गोष्ट नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) २००८ साली मांडलेल्या आढाव्यानुसार देश आणि कालखंड पाहून २० ते ५० टक्के स्थलांतरित पहिल्या पाच वर्षांतच तो देश सोडतात. कुणी घरी जातात, कुणी तिसरीकडे. स्थलांतराचे अभ्यासक रेव्हनस्टाइन यांनी तर १८८५ सालीच लिहून ठेवलं होतं की स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाबरोबर उलटा प्रवाहही वाहतो.

इटालियन समाजशास्त्रज्ञ चेराझे यांनी अमेरिकेतून दक्षिण इटलीत परतलेल्यांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी परतणाऱ्यांचे चार प्रकार पाडले: जम न बसल्याने परतलेले, ठरवलेली पुंजी जमवून जुन्याच आयुष्यात परतलेले, तिकडे शिकलेलं इकडे वापरायला आलेले आणि निवृत्तीला आलेले. मला ही वाटणी आवडते, कारण एकाच माणसात यातले दोन-तीन प्रकार एकत्र नांदतात. माझ्यात नांदत होते. पहिला प्रकार मी वर्षभर कुणापाशी कबूल केला नाही एवढंच.

आपल्याच देशात यायचं आहे, मग कागदपत्रांची एवढी धास्ती कशाला?

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलम प्रत्येकाला आपल्या देशात परतण्याचा हक्क देतं. पण व्यवहारात दारावर नागरिकत्व पाहिलं जातं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की जपानसारख्या देशाचं मूळ नागरिकत्व जातं. उलट जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा: मी नागरिक म्हणून परततोय की परवान्यावर राहणारा परदेशी म्हणून? मतदान, जमीनखरेदी, सरकारी नोकरी या सगळ्याची उत्तरं त्यावर ठरतात. बाहेर जन्मलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा काढून पाहा. एकाच घरात आईचा एक पासपोर्ट आणि मुलाचा दुसरा, हे अजिबात दुर्मीळ नाही.

तिकडून निघताना कोणते कागद बरोबर घ्यावेत?

देश सोडण्याआधी जो कागद एका फेरीत मिळतो, त्यासाठी नंतर महिनोन्‌महिने ईमेल लिहावे लागतात. मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, पदव्या, गुणपत्रिका यांवर 'अपॉस्टिल', म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, करून घ्या. १९६१ च्या हेग करारातून आलेला हा शिक्का सव्वाशेच्या आसपास देशांत चालतो. चीन त्यात २०२३ मध्ये आला आणि कॅनडा २०२४ मध्ये. ज्या देशाने कागद दिला, त्याच देशात हा शिक्का मिळतो. हे कळलं तेव्हा मी दुसऱ्या खंडात होते.

पोलिसांचा चारित्र्यदाखला, मालकाकडून अनुभवपत्र आणि शेवटच्या काही वर्षांची करविवरणं घ्या. वाहनविम्याच्या कंपनीकडून 'अपघाताचा दावा केलेला नाही' असं पत्र मागून घ्या. काही विमा कंपन्या त्यावर सवलत देतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र ज्या देशाने दिला त्या देशात चालत नाही. त्यामुळे मायदेशाचा जुना परवाना अजून जिवंत आहे का, ते पाहून ठेवा.

वैद्यकीय कागद सगळ्यात जास्त विसरले जातात. मुलांच्या लसींची नोंद, जुने अहवाल, चष्म्याचा नंबर आणि रोजच्या औषधांची यादी आणाच. यादीत दुकानी नावं न लिहिता मूळ घटकाची नावं लिहा, कारण दुकानी नाव सीमेपलीकडे बदलतं. मूळ नावही कधी कधी बदलतं: ज्याला बहुतेक जग पॅरासिटामॉल म्हणतं, त्याला अमेरिकेत अॅसिटॅमिनोफेन म्हणतात आणि दम्याचं सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. नवा आरोग्यविमा जुन्या आजारांसाठी बऱ्याचदा थांबायला लावतो, तेव्हा मधले महिने उघडे राहणार नाहीत असा विमा आधीच बघा.

कर दोन्हीकडे भरावा लागेल का?

परतीच्या वर्षात दोन्ही देश तुम्हाला आपलं म्हणू शकतात, हे एरवी सुखावणारं वाक्य इथे महागात पडतं. बहुतेक देश वर्षात किती दिवस राहिलात यावर रहिवासी ठरवतात, म्हणून विमानाची तारीख हासुद्धा कराचा निर्णय असतो. दोघांनीही हक्क सांगितला तर द्विपक्षीय करार कामी येतो. ओईसीडीच्या नमुना करारात क्रम असा आहे: कायमचं घर कुठे, मग जिव्हाळ्याचे आणि पैशाचे संबंध कुठे जास्त, मग मुक्काम सवयीने कुठे, मग नागरिकत्व. तरीही तिढा सुटला नाही तर दोन सरकारं आपसात ठरवतात.

अमेरिकेचा हिशोब निराळा. ती आपल्या नागरिकांकडून ते जगात कुठेही राहिले तरी विवरण मागते. ग्रीन कार्ड नुसतं खणात टाकून परतलात तर करापुरते तुम्ही तिथलेच राहता. ते रीतसर परत करावं लागतं. शेवटच्या १५ पैकी ८ वर्षांत ते तुमच्याकडे असेल, तर परत करतानाही देश सोडणाऱ्यांसाठीचे वेगळे करनियम लागू होतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया सोडताना काही मालमत्ता तुम्ही बाजारभावाने विकलीच आहे असं धरून कर आकारला जातो. शेअर विकायचे असतील तर निघण्याआधी की पोहोचल्यावर, हे दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या माणसाला विचारूनच ठरवा. त्याची फी चुकीच्या तारखेपेक्षा स्वस्त पडते.

आणि तिकडचं खातं इकडे कळणार नाही या भरवशावर राहू नका. ओईसीडीने २०१४ मध्ये ठरवलेल्या पद्धतीनुसार २०१७ पासून शंभराहून अधिक देश-प्रदेशांची करखाती एकमेकांना बँकखात्यांची माहिती देऊ लागली आहेत.

तिकडे भरलेल्या पेन्शनचं काय?

राजीनामा देण्याआधी वर्षं मोजा. पेन्शनचा हक्क लागायला अमेरिकेत ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांची नोकरी लागते. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनला बहुतेकांना १० वर्षं, जर्मनीत ५. साडेनऊ वर्षांवर उठून येणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार असेल तर दोन्हीकडची वर्षं जोडता येतात, तेव्हा तो आहे का ते पाहा. काही ठिकाणी भरलेली रक्कम काही अंशी परत मिळते, पण मुदत असते: जपान सोडलेल्या परदेशी माणसाला त्यासाठी दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

तिकडचं बँकखातं बंद करावं का?

लगेच नको. शेवटचा पगार, घराची अनामत, कराचा परतावा हे सगळं महिन्यांनी येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिकडचा फोन नंबर चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर बंद झाला की स्वतःच्याच पैशांकडे काचेतून बघत बसावं लागतं. आणि तिकडे वर्षानुवर्षं कमावलेली कर्जदार म्हणून पत इकडे सहसा कामाला येत नाही; इकडची बँक तुम्हाला नवखा समजेल.

सामान आणावं की विकून यावं?

वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर सामान मावतं, चाळीस फुटीत ६७ च्या आसपास. पूर्ण कंटेनर भरत नसेल तर इतरांबरोबर वाटून घेता येतो, पण मग सामान कधी पोहोचेल ते इतरांच्या कागदांवरही अवलंबून राहतं.

विजेची उपकरणं आणण्याआधी मागचं लेबल वाचा. उत्तर अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ, युरोपात आणि जगाच्या मोठ्या भागात २२० ते २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. लेबलवर '१००–२४०' असेल तर नुसती पिन बदलून भागतं. लॅपटॉप, फोनचे चार्जर असेच असतात. मोटर किंवा तापणारी कॉइल असलेली वस्तू मात्र बहुधा तिकडेच विकावी. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ बदलत नाही.

जकातीत परतणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते, आणि अट सहसा वस्तू वापरलेली असण्याची असते. युरोपीय संघाचा नियम नमुना म्हणून घ्या: मालक किमान १२ महिने बाहेर राहिलेला हवा, वस्तू किमान ६ महिने वापरलेली हवी आणि आणल्यावर १२ महिने ती विकता किंवा उसनी देता येत नाही. निघताना हौसेने घेतलेला नवाकोरा टीव्ही या सवलतीत बसत नाही.

आम्ही काय आणलं? पुस्तकं, मुलांची चित्रं आणि एक मोडकी खुर्ची. खुर्चीचं कारण आजही सांगता येत नाही.

कुत्र्या-मांजरांना आणता येतं का?

येतं, पण त्यांची तयारी तुमच्याआधी सुरू करावी लागते. पंधरा आकडी मायक्रोचिप आधी, रेबीजची लस त्यानंतर. क्रम उलटा झाला तर लस पुन्हा द्यावी लागू शकते. अनेक देश रक्ताची तपासणी मागतात आणि प्रतिपिंडं प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावी लागतात. तपासणीनंतर थांबावंही लागतं: युरोपीय संघात काही देशांतून येणाऱ्या प्राण्यांसाठी तीन महिने, जपानमध्ये बहुतेक देशांतून येताना १८० दिवस. म्हणजे तिकीट काढण्याआधी निदान आठ महिने पशुवैद्याकडे जा.

मुलं रुळतील का?

आधी एक शब्द सुधारू. तुम्ही परतताय; मुलं परतत नाहीयेत. त्यांच्यासाठी हे देशांतर आहे, तेही स्वतः न निवडलेलं. "आता आपण आपल्या घरी जाणार" हे वाक्य मी थोरलीला सांगितलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिने शांतपणे विचारलं, "मग हे काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे सहा महिने ती जे बोलली नाही, त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली असं मला वाटतं.

समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम यांनी १९५० च्या दशकात अशा मुलांना 'थर्ड कल्चर किड्स' हे नाव दिलं. आईवडिलांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत वाढलेली ही मुलं. त्यांना "तू नक्की कुठली?" हा प्रश्न सोपा वाटत नाही, आणि उत्तरासाठी घाई करण्याचं कारणही नाही.

भाषेबद्दल दोन्ही बाजूंची भीती असते. लहान मूल नवी भाषा पटकन उचलतं हे खरंच, पण ते जुनी सोडतंही तितक्याच पटकन. तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांची मोठेपणी तपासणी झाली (२००३ चा अभ्यास), तेव्हा कोरियन वाक्यं ऐकताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद ती भाषा कधीच न ऐकलेल्या फ्रेंच लोकांसारखाच निघाला. आमचा धाकटा पाच वर्षांचा असताना आला. तिकडच्या भाषेतलं आता त्याला एक अंगाईगीत येतं, तेही अर्थाविना. ती भाषा टिकवायची असेल तर पहिल्या महिन्यापासून तिला रोजचं काम द्या: मित्राला फोन, गोष्टीचं पुस्तक, काहीही.

शाळेबाबत माझं मत कडक आहे: शेवटच्या दोन वर्षांत मुलाला हलवू नका. एक तर त्याआधी या, नाहीतर ती संपल्यावर. अगदीच इलाज नसेल तर १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटसारखा दोन्हीकडे मिळणारा अभ्यासक्रम शोधा.

तिकडचीच नोकरी इकडून केली तर?

मालकाला लेखी विचारल्याशिवाय नको. तुम्ही दुसऱ्या देशात बसून काम करता म्हणून कंपनीवर तिथे कर, विमा आणि कामगार कायद्याची जबाबदारी येऊ शकते, आणि हे पगार विभागाला कळतंच. इकडे नवी नोकरी शोधणार असाल तर मुलाखतीत "तिकडे आम्ही असं करायचो" हे वाक्य एकदाच वापरा.

माझा मायदेश आहे, पण जोडीदाराचा नाही. मग?

मग एकजण परततोय आणि दुसरा स्थलांतर करतोय, हे घरात मोठ्याने बोला. जोडीदाराला कामाचा परवाना पहिल्या दिवसापासून मिळतो का, ते निघण्याआधी पक्कं करा. ओळखीपाळखी, भाषा, नातेवाईक सगळं तुमच्या बाजूला असेल, तर घरातला तोल आपोआप तुमच्याकडे झुकतो. पूर्वी परक्या देशात दोघं सारखेच अडाणी होता, त्यात एक प्रकारची समता होती.

आईवडिलांसाठीच परततोय. ते खूश होतील ना?

होतील, आणि थोडे वैतागतीलही. तुम्ही नसताना त्यांनी आपलं एक गणित बसवलेलं असतं. कोणत्या वारी कोण येतं, औषधं कोण आणतं, दुपारी किती वाजता फोन उचलायचा नाही. मी आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी औषधांचा डबा नव्याने लावला. आई काही बोलली नाही. भाऊही बोलला नाही, पण तो डबा त्याने आठ वर्षं लावला होता. आमच्यातला अबोला पुढे तीन महिने चालला. परतणाऱ्याला वाटतं आपण हातभार लावतोय. जो कायम तिथे होता त्याला वाटतं, आता हिशोब तपासायला आली.

म्हणून आधी पाहा, मग हात घाला. जो भाऊ किंवा बहीण राहिली, तिला विचारा: "तुला यातलं काय सोडायचं आहे आणि काय सोडायचं नाही?" शक्य असेल तर पहिले सहा महिने वेगळं बिऱ्हाड करा, चालत जाता येईल अशा अंतरावर. दवाखाना, पैसा, मालमत्ता यांविषयीचं बोलणं सगळे धडधाकट असतानाच होऊ दे; तिकडून फोनवर ते कधीच झालेलं नसतं.

आपल्याच देशात परकं का वाटतं?

यावर बराच अभ्यास झाला आहे. नॉर्वेच्या लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या आपल्या देशबांधवांशी बोलून १९५५ मध्ये मांडलं की परदेशात मन आधी वर असतं, मग घसरतं, मग सावरतं. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने दाखवलं की परतल्यावर तीच घसरण पुन्हा होते. मनाचा आलेख काढला तर इंग्रजी 'यू' अक्षराचा 'डब्ल्यू' होतो. सगळ्यांचं आयुष्य या अक्षरांत बसत नाही, हेही पुढच्या संशोधकांनी सांगितलं. पण दुसरी घसरण येऊ शकते हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण तिची तयारी कुणी करत नाही.

१६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांसाठी 'नोस्टाल्जिया' हा शब्द घडवला. ग्रीकमधले 'घरी परतणं' आणि 'वेदना' असे दोन शब्द त्याने जोडले. खात्रीचा इलाज म्हणजे रोग्याला घरी पाठवणं, असं त्याचं म्हणणं होतं. घरी येऊनही दुखत राहिलं तर काय, ते त्याने लिहिलं नाही.

मला यातलं जे जास्त लागलं ते असं. परक्या देशात चुकलं तर लोक सांभाळून घेतात, कारण तुमच्या उच्चारावरूनच कळतं की हा बाहेरचा. परतल्यावर उच्चार अस्सल, चेहरा अस्सल, आणि तरीही कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते माहीत नाही. पहिल्याच महिन्यात एका खिडकीमागच्या बाईंनी मला विचारलं, "इथल्याच ना तुम्ही?" त्या प्रश्नात कुतूहल नव्हतं. माझी भाषासुद्धा अकरा वर्षं शिळी झाली होती. मी वापरत असलेले तरुणांचे शब्द आता कुणी तरुण वापरत नव्हतं.

युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांविषयी समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झने १९४५ मध्ये लिहिलं होतं. त्याचा मुद्दा असा की दोन्ही बाजू एकमेकांना जुन्याच चित्रावरून ओळखू पाहतात. गेलेल्याच्या मनात घर तसंच थांबलेलं असतं, आणि घरच्यांच्या मनात तो. मध्यंतरी दोघंही बदललेले. त्यामुळे मी आता लोकांना सांगते, पहिलं वर्ष नव्या देशात आल्यासारखं वागा. नकाशा वापरा, "मला माहीत नाही" म्हणा, शेजाऱ्यांशी स्वतःहून ओळख करून घ्या. जुने मित्र भेटतील, पण त्यांचे शनिवार-रविवार तुमच्याविना भरून गेलेले असतात. नवे मित्र लागतातच.

"तिकडे असं नसतं" हे तोंडून जातच राहतं. काय करू?

घरात दंडाचा डबा ठेवा. आमचा पहिल्या महिन्यात भरला. गंमत अशी की 'इकडे' आणि 'तिकडे' कुठल्या देशाला म्हणायचं, यात आमची दोन वर्षं गल्लत होत होती.

आणि चूक झाली असं वाटलं तर?

पहिल्या सहा महिन्यांत तसं वाटणारच. तेव्हा निर्णय घेऊ नका. मात्र मागचं दार किती दिवस उघडं आहे ते निघतानाच लिहून ठेवा. युरोपीय संघाचा दीर्घकालीन रहिवासाचा दर्जा संघाबाहेर सलग १२ महिने राहिलं की सहसा जातो. ब्रिटनचा कायम रहिवास साधारणपणे सलग २ वर्षांच्या गैरहजेरीने जातो. कॅनडाच्या कायम रहिवाशाला दर ५ वर्षांत किमान ७३० दिवस तिथे भरावे लागतात. अमेरिकेचा पुनःप्रवेश परवाना फार तर २ वर्षांचा असतो, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो; विमानात बसल्यावर आठवून उपयोग नाही. नागरिकत्व घेतलेलं असेल तर या मुदती लागू होत नाहीत, फक्त पासपोर्टची तारीख संपू देऊ नका. आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर अशीच एक तारीख होती. ती उलटून गेली त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नाही. चार महिन्यांनी कपाट रंगवायला काढलं, तेव्हा चिठ्ठी दिसली.